चटणीचा अर्धा तास



कार्यक्रमपत्रिकेवर आमचे नाव आणि त्यापुढे 'पुदिन्याची चटणी' हा विषय पाहून आपल्यापैकी पुष्कळांना छापखान्याची चूक वाटली असेल. कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे तो महागाई भत्ता, बोनस, ठेकेदारी यांवर बोलणार, ही अपेक्षा रास्तच आहे. शिवाय आम्ही काही पदवीधर इतिहाससंशोधक नव्हे. आमचे शाळेतील शिक्षण दहावीशी थांबले. पुढे जे झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर, पाळी सुटल्यानंतर झाले. असे असता आम्ही पाकशास्त्रात कशाला शिरावे? त्याचे उत्तर इतकेच, की चटणीविषयी बोलताना आम्ही आमचा नेहमीचा विषय मुळीच सोडलेला नाही. व्याख्यान संपेपर्यंत हे आपल्याला पटले नाही, तर दोष आमच्या मांडणीचा समजावा, विषयाचा नव्हे.

प्रथम शब्दापासून आरंभ करू. चटणी म्हणजे चाटावयाची वस्तू. आपल्या पूर्वजांनी खाण्याच्या पदार्थांचे भक्ष्य, भोज्य, लेह्य आणि चोष्य असे वर्ग पाडले होते. त्यांपैकी लेह्य म्हणजे जे चाटावयाचे ते. त्या अर्थाने चटणीचे कूळ जुने आहे. इंग्रज लोक येथे आले, त्यांना ही वस्तू आवडली आणि १८८६ साली छापलेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या प्रसिद्ध कोशात या शब्दाला जागाही मिळाली. मात्र त्यांनी चटणी म्हणून जी वस्तू विलायतेस नेली, ती कैरी, साखर आणि शिरका एकत्र शिजवून बाटलीत भरलेली, आपल्या मुरांब्याची चुलतबहीण होती. कारण उघड आहे. ताजी वाटलेली पुदिन्याची चटणी बोटीवरच्या लांबच्या प्रवासात कशी टिकावी? ती सकाळी वाटली तर रात्री तिचा रंग उतरतो आणि दुसऱ्या दिवशी वासही. जी वस्तू टिकत नाही तिचा व्यापार होत नाही. जिचा व्यापार होत नाही ती कोणाच्या खातेवहीत चढत नाही. आणि इतिहास लिहिणारे बहुधा खातेवह्या पाहूनच लिहितात. म्हणून बाटलीतल्या चटणीचा इतिहास छापलेला मिळतो आणि ताज्या चटणीचा तुकड्या-तुकड्यांनी गोळा करावा लागतो. ते तुकडे आज आम्ही आपल्यापुढे ठेवीत आहो.

पुदिना हे नावच फारसी आहे. अबुल फजलाच्या 'ऐन-ए-अकबरी' या ग्रंथात, म्हणजे १५९० च्या सुमारास, बाजारभावांची एक लांबलचक यादी दिली आहे. तीत पुदिन्याचा भाव मणाला ४० दाम आहे. कांद्याचा भाव त्याच मणाला ६ दाम. म्हणजे त्या काळी पुदिना हा पाहुण्यांपुढे मांडावयाचा जिन्नस होता, गरिबाच्या भाकरीवर पडावयाचा नव्हे. त्याच ग्रंथात तिखटपणासाठी मिरे आहेत, आले आहे. मात्र आज जिच्यावाचून चटणीची कल्पनाच करवत नाही, ती मिरची नाही. मिरची ही अमेरिका खंडातील वनस्पती. कोलंबस १४९२ साली तिकडे पोचला, त्यानंतर ती जुन्या जगाला माहीत झाली आणि पोर्तुगीजांच्या हातून आपल्या किनाऱ्यावर उतरली. पोर्तुगीजांनी गोवा घेतले ते १५१० साली. आपल्या लोकांनी या नव्या तिखटाला नाव दिले तेही जुन्या मिऱ्यावरून. तेव्हा ज्या हिरव्या चटणीला आपण आजीच्या आजीपासून चालत आलेली म्हणतो, ती आजच्या रूपात फार तर चारशे-साडेचारशे वर्षांची. तीत फारसी नावाचा पाला आहे, अमेरिकेचे तिखट आहे आणि आपल्या रानातली कैरी आहे. जे लोक 'आमचे' आणि 'परक्यांचे' असा काथ्याकूट करीत बसतात, त्यांनी एकदा आपल्या ताटाच्या डाव्या बाजूकडे पाहावे.

जिन्नस असे नवे असले तरी ज्या दगडावर ते वाटले जातात तो दगड फार जुना आहे. मोहेंजोदडोच्या उत्खननात पाट्यासारखे दगड सापडले. उत्खनन करणाऱ्यांनी त्यांचे दोन प्रकार मानले : एक धान्य भरडण्याचा आणि दुसरा, त्यांच्या तर्काप्रमाणे, पाला व मसाला वाटण्याचा. आपल्या पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ पासून अनेक वर्षे खोदकाम केले आणि तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे उजेडात आणली. अशा घरांतून चूल आणि वाटण-दळणाचे दगड सापडतात, यात नवल नाही. राजांचे वाडे मातीला मिळाले, नाणी बदलली, भाषा बदलल्या. गुडघे मोडून बसणारी बाई आणि तिच्या पुढ्यातला दगड ही जोडी तशीच राहिली.

या दगडाचा आपल्या समाजाने मानही पुष्कळ ठेवला आहे. मूल जन्मले की पाचवीच्या पूजेत पाटा-वरवंटा येतो. बारशाच्या दिवशी वरवंट्याला कुंची घालून, त्याला मुलासारखे हातांत घेऊन पाळण्याखालून-वरून फिरवतात. जात्याचे भाग्य तर याहून मोठे. जात्यावर बायकांनी ओव्या रचल्या, आणि गी पॉइतव्हाँ व हेमा राईरकर यांनी त्या गावोगाव हिंडून लाखाच्या घरात गोळा केल्या. पाट्याच्या वाट्याला मात्र गाणे फारसे आले नाही. आमच्या समजुतीप्रमाणे याचे कारण असे, की जात्यावर पहाटेचे दोन-दोन तास जात, गाण्याला सवड असे. पाट्याचे काम ऐन स्वयंपाकाच्या घाईत, एका डोळ्याने चुलीवरचा तवा पाहत करावयाचे. गाणे सुचण्याइतकाही वेळ त्यात नाही. दगडाची पूजा झाली, परंतु दगड ओढणाऱ्या मनगटाची चौकशी कोणी केली नाही.

आता आमच्या नेहमीच्या वाटेवर येतो. मुंबईत पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी काढली. कंपनी स्थापन झाली १८५४ साली आणि गिरणी सुरू झाली १८५६ साली. पुढच्या तीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळा या भागांत धुराड्यांचे रान उठले. कोकणातून आणि घाटावरून माणसे आली. विजेचे दिवे येण्यापूर्वी गिरणीचा दिवस सूर्याबरोबर उगवे व सूर्याबरोबर मावळे. उन्हाळ्यात तो तेरा-चौदा तासांचा होई. आठवड्याला सुट्टी नाही आणि दुपारी जेवावयास ठरलेली वेळही नाही. साचा चालू ठेवून, शेजारच्यास जरा नजर ठेवावयास सांगून, कोपऱ्यात चार घास पोटात ढकलावयाचे. अशा जेवणात काय असणार? कापडात बांधलेली भाकरी आणि तिच्यावर चटणी. चटणी सांडत नाही, ऊन करावी लागत नाही, तिला वाटी लागत नाही, कोरडी भाकरी तिच्यामुळे घशाखाली उतरते, आणि चिमूटभर चटणीवर अख्खी भाकरी जाते. आमच्या भाषेत गरिबीच्या जेवणाला 'चटणी-भाकर' म्हणतात. गिरणीकामगाराच्या बाबतीत तो अलंकार नव्हता.

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. 'दीनबंधू' पत्र चालवणारे, सत्यशोधक विचाराचे हे गृहस्थ आमच्या चळवळीचे आद्य पुरुष होत. त्या अर्जातील मागण्या वाचल्या म्हणजे आजही मन हलते, इतक्या त्या साध्या आहेत. रविवारची सुट्टी द्यावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. पगार महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा. काम करताना जखमी झालेल्यास मदत मिळावी. आणि दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मान्य झाली. दुपारचा अर्धा तास १८९१ च्या सुधारलेल्या कारखाना कायद्याने आला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याने हेच तत्त्व अधिक पक्के केले : सलग पाच तासांहून अधिक काम घ्यावयाचे नाही, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती द्यावयाची.

हा अर्धा तास म्हणजे आमच्या चळवळीची पहिली मोठी कमाई. आम्ही तरुण कार्यकर्त्यांना नेहमी सांगत आलो, की बाबांनो, डबा उघडताना लोखंड्यांची आठवण काढा. बसून खाण्याचा हक्क त्यांनी मिळवून दिला. हे बोलणे खरेच होते. परंतु ते अर्धेच खरे होते, हे आम्हाला एका चटणीने शिकवले.

आमचे वडील सातारकडचे, मुंबईतल्या एका गिरणीत साचेवाले होते. आमची आई चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत खानावळ चालवीत असे. मुंबईच्या गिरणगावात अशा खानावळी शेकड्यांनी होत्या. गावी बायकामुले ठेवून आलेले कामगार त्यांत महिनेवारी जेवत आणि पगाराला पैसे देत. आमच्याकडे अठरा माणसे होती. पाळ्या तीन, म्हणून जेवणे तीन वेळा. आईला लिहिता येत नव्हते. खानावळीची वही आम्ही लिहीत असू. वयाच्या दहाव्या वर्षी आम्हाला जो पहिला हुद्दा मिळाला तो हा कारकुनीचा.

आमच्या शेजारच्या खोलीत उत्तर प्रदेशातील आजमगडकडचे एक विणकर कुटुंब राहत असे. त्या बाजूचे पुष्कळ लोक मुंबईच्या गिरण्यांत विणाईवर होते. त्या घरच्या बाईंना आम्ही मुले चाची म्हणत असू. आमच्या आईच्या घराण्यात चटणी म्हणजे शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची, नाही तर लसूण-खोबऱ्याची. पुदिना तिने माहेरी वाटला नव्हता. चैत्र लागला, बाजारात कैऱ्या आल्या, की चाचींच्या सिल-बट्ट्यावरून कैरी-पुदिन्याचा जो वास सुटे, तो आमच्या दारातून आत येई. एके दिवशी आईने तो जिन्नस मागून घेतला, दुसऱ्या दिवशी करावयास शिकून घेतला आणि तिसऱ्या दिवशी तो खानावळीच्या ताटात आला. चाचींचा एकच मंत्र होता : चटनी पीसते हैं, काटते नहीं. साचेखात्यातल्या दमट उष्ण हवेत दिवस काढून आलेल्या माणसांना ती आंबट, गार चटणी इतकी रुचली, की भाजीत तेल कमी पडले तरी ती कुरकुर करीत नसत.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या संपाचा इतिहास सांगण्याची ही जागा नव्हे. आम्ही त्या वेळी बारा वर्षांचे होतो आणि आम्हाला तो संप वहीतून दिसला. पहिल्या महिन्यात अठरा नावांपुढे 'येणे' वाढले. दुसऱ्या महिन्यात भाजी आठवड्यातून तीन दिवसांवर आली. पुढे डाळ पातळ झाली आणि तिच्याबरोबर चटणी वाढत गेली. संध्याकाळी मंडई उठताना भाजीवाले उरलेल्या पुदिन्याच्या जुड्या जवळजवळ फुकट देऊन टाकीत. आई त्या ओच्यात घालून आणी आणि दिवे लागल्यावर वाटावयास बसे. एकाही माणसाला तिने ताटावरून उठवले नाही. हे तिने एकटीने केले असेही नाही. गिरणगावातल्या अनेक खानावळवाल्यांनी उधारीवर जेवणे घालून तो संप जगवला. याआधीच्या ४२ दिवसांच्या संपातही त्यांनी हेच केले होते. प्रेमाताई पुरव यांच्यासारख्या कामगार चळवळीतल्या कार्यकर्तीने ते पाहिले आणि १९७५ साली या बायकांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, सावकाराऐवजी बँकेचे कर्ज त्यांना मिळवून दिले. चळवळीच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावे पुष्कळ आहेत; ज्यांच्या ताटावर चळवळ जेवली, त्यांच्यासाठी एवढे एक मोठे काम झाले, याचा आम्हाला अभिमान वाटतो.

संप कधी रीतसर मिटलाच नाही. माणसे गावी गेली. काहींनी पुढे आठ-दहा वर्षांनी येऊन आईचे पैसे चुकते केले, काही परत दिसले नाहीत. ती वही अजून आमच्यापाशी आहे. पुढे इतिहास वाचू लागल्यावर आम्ही ती एक दस्तऐवज म्हणून पुन्हा चाळली. तीत जेवणे आहेत, खाडे आहेत, भाकरीचा हिशेब आहे, रॉकेलचा आहे, रविवारच्या सुक्या मासळीचा वेगळा आकार आहे. चटणी नाही. एकाही पानावर नाही. चटणी ताटाबरोबर येत असे, तिचे पैसे नव्हते. म्हणून आम्ही स्वतःच्या हाताने लिहिलेल्या वहीत तिला ओळ दिली नाही. ज्या इतिहासकारांना आम्ही मघाशी नावे ठेवली, त्यांच्याच पंगतीत आम्ही बसलो होतो.

याहून वाईट गोष्ट पुढे घडली. आम्ही एका यंत्रकारखान्यात लागलो, संघटनेचे काम करू लागलो. पंचविशी-तिशीतला उत्साह. एका रात्री द्वारसभेत आठ तासांच्या कामाच्या दिवसाचा इतिहास घसा फोडून सांगितला आणि दहाच्या सुमारास घरी आलो. पान वाढलेले होते. आम्ही बसता बसता विचारले, "चटणी नाही का आज?" आईचे मनगट तेव्हा सुजू लागले होते. ती काही न बोलता उठली, पुदिना निवडला, पाट्यापुढे बसली. वाटता वाटता मान वर न करता तिने विचारले, "तुज्या सभेत पाट्याचं काय ठरलं का रं?" तिच्या बोलण्यात राग नव्हता. खरोखरच काही ठरले असेल, अशा सुरात तिने ते विचारले. आम्ही ती चटणी खाल्ली. ती कशी लागली हे आम्हाला आठवत नाही.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही पाट्यापुढे बसलो. आई बाजूला बसून सांगत होती. ती कृती आपल्यालाही सांगतो, कारण ती सांगितल्यावाचून पुढचा मुद्दा कळणार नाही.

पुदिन्याची जुडी घ्यावी. दांडे काढून फक्त पाने ठेवावी. पुदिन्याचा दांडा कडवट असतो. निवडल्यावर दोन मुठी पाने भरली पाहिजेत. एक मूठ कोथिंबीर घ्यावी. तिचे कोवळे देठ मात्र टाकू नयेत, चव त्यातच असते. दोन-तीन पाण्यांतून धुऊन पंचावर पसरून पाणी निथळू द्यावे. लहान कैरी सोलून अर्धी चिरावी. कैरीचे दिवस नसतील तर लिंबू चालेल, पण ते शेवटी पिळावे. चार हिरव्या मिरच्या, पेराएवढे आले, अर्धा चमचा भाजलेले जिरे, मीठ, आणि कैरी फार आंबट असेल तर सुपारीएवढा गूळ. वाटण्याचा क्रम चुकू नये. आधी मीठ, जिरे आणि मिरची. मीठ खरखरीत असल्याने मिरचीची साल लवकर तुटते. मग आले, मग कैरी. कैरीला पाणी सुटते, म्हणून वेगळे पाणी घालावे लागत नाही. मग कोथिंबीर. पुदिना सर्वांत शेवटी, कारण त्याचा वास उडून जाणारा आहे. त्याला जितके कमी रगडावे तितके बरे. वरवंटा दाबून पुढे न्यावा, हलका करून मागे आणावा. कडेला गेलेले वाटण बोटांनी पुन्हा मध्ये घ्यावे. शेवटी घोटभर पाण्याने पाटा धुऊन तेही वाटीत घ्यावे.

कैरी अथवा लिंबू हे केवळ चवीसाठी नसते. पान ठेचले गेले की त्यातले रस हवेला लागून काळे पडू लागतात; आंबटामुळे ते काळवंडणे मंदावते. चाचींना हे रसायन माहीत नव्हते, पण क्रम माहीत होता. पीसते हैं, काटते नहीं, या त्यांच्या बोलण्यातही असेच मर्म आहे. दगडाखाली पान रगडले जाते आणि त्याचे तेल सावकाश सुटते. यंत्राचे पाते पान कापते आणि वेगाने फिरून वाटण गरमही करते. ज्यांच्या घरी पाटा नाही त्यांनी मिक्सरमध्ये थोडे बर्फाचे पाणी घालावे आणि यंत्र एकसारखे न फिरवता चालू-बंद करीत वाटावे. चटणीत फरक राहील, पण खाण्यासारखी होईल.

त्या रविवारी आम्ही घड्याळ लावले होते. संघटनेच्या माणसाला कामाचा वेळ मोजण्याची खोड असते. निवडणे, धुणे, वाटणे, पाटा धुऊन भिंतीला टेकवणे, या सर्वांस आम्हाला पन्नास मिनिटे लागली. आईला अर्धा तास लागे. आम्ही उठलो तेव्हा आमचे खांदे भरून आले होते, मिरचीने हात रात्रभर भगभगत राहिले. अर्धा तास! कामगाराने चटणी-भाकर बसून खावी म्हणून लोखंड्यांनी जो अर्धा तास मागितला, तोच अर्धा तास घरात कोणीतरी ती चटणी वाटण्यात घालवीत होते. पहिल्या अर्ध्या तासाला कायद्याचे कलम आहे, दुसऱ्याला वहीत ओळही नाही. आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत सुमारे पाचवा हिस्सा कामगार बायकाच होत्या. त्या दुपारचा अर्धा तास कायद्याने घेत आणि रात्रीचा अर्धा तास पाट्याला देत.

कोणी म्हणेल, आता यंत्र आले, हा प्रश्न सुटला. यंत्राचे ऋण आम्ही नाकारीत नाही. १९६३ च्या सुमारास सुमीत नावाचा मिक्सर बाजारात आला. आपल्याकडची हळद, ओले खोबरे, भिजलेली डाळ हे सारे विलायती यंत्राला पेलत नसे, ते या देशी यंत्राला पेलू लागले. आणि लाखो मनगटे वाचली. पाटा-वरवंट्याला टाकी लावून देणाऱ्या वडार बायकांची हाळी आमच्या चाळीतून हळूहळू नाहीशी झाली. एकीचे मनगट वाचले, दुसरीची रोजी गेली. यंत्राचा हा स्वभाव गिरणीत आम्ही पाहिला होता, स्वयंपाकघरातही तो तसाच निघाला. परंतु यंत्राने वाटणे वाचवले, निवडणे वाचवले नाही, धुणे वाचवले नाही, आणि मुख्य म्हणजे हे काम कोणाचे, हा प्रश्न त्याने विचारलाच नाही. सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर लोकांच्या चोवीस तासांची पाहणी केली. घरातले बिनमोबदल्याचे काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, आणि तसे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे तीत दिसले. मिक्सर येऊन तेव्हा अर्धशतक उलटले होते.

दुसरीकडे, हिरवी चटणी घरातून रस्त्यावर आली. दादर स्थानकाबाहेर १९६६ साली अशोक वैद्य यांनी वडापाव सुरू केला असे सांगतात. त्या पावाला आतून लागते ती हिरवी चटणी, आणि मुंबईच्या सँडविचला तर तिच्यावाचून रूपच नाही. गिरण्या बंद पडल्या आणि चटणी-भाकरीची जागा चटणी-पावाने घेतली. हे अन्न उभ्याने खावयाचे आहे. आज जे तरुण दुचाकीवरून इतरांची जेवणे घरोघर पोचवतात, त्यांना आम्ही भेटतो. बहुतेक जण पदपथावर, शिरस्त्राण कोपरात अडकवून, दोन फेऱ्यांच्या मधे चटणी लावलेला पाव खातात. त्यांना विचारले की जेवणाची सुट्टी किती, तर ते हसतात. सव्वाशे वर्षांपूर्वी मिळवलेला अर्धा तास असा हातून निसटतो आहे, आणि तो पुन्हा मागावा लागणार आहे. ती मागणी आम्ही करूच. मात्र या खेपेस आम्हाला दोन्ही अर्धे तास एकाच कागदावर लिहावयाचे आहेत.

श्रोतेहो, इतिहासाने आम्हाला जे शिकवले ते असे. अन्नाचा इतिहास म्हणजे कोणता जिन्नस कोठून आला एवढेच नव्हे. तो कोणी वाटला आणि त्याचा वेळ कोठे मांडला गेला, हाही त्याचा भाग आहे. आम्ही त्या जुन्या वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर एक ओळ उशिरा का होईना लिहिली आहे. 'चटणी, रोज अर्धा तास, येणे बाकी.' रक्कम घातलेली नाही, कारण ज्यांना ती द्यावयाची ती माउली आता नाही.

आता वसंताचे दिवस आहेत. कैऱ्या आल्या आहेत, पुदिना स्वस्त आहे. येथे बसलेल्या पुरुष मंडळींना आमची विनंती आहे, की येत्या रविवारी एकदा जुडी आणून निवडावी, धुवावी, वाटावी आणि घड्याळ लावावे. पाटा असेल तर फार उत्तम. मग घरातल्यांना वाढावी आणि आपण शेवटी बसावे. पुढच्या वर्षी या व्याख्यानमालेत भेट झाली, तर कोणाला किती मिनिटे लागली तेवढे आम्हाला जरूर सांगावे.